४०२ अँपिअर दाखवणारा मीटर आणि अर्ध्या अँपिअरची तार

२२० केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एका लाइनच्या पॅनेलवर दोन आकडे दिसतायत असं समजा: २२१ केव्ही आणि ४०२ अँपिअर. मीटर तळहाताएवढा. मागून येणाऱ्या तारा घरातल्या वायरिंगच्या तारांसारख्याच, अडीच स्क्वेअर एमएमच्या. त्या मीटरच्या टर्मिनलवर प्रत्यक्षात किती व्होल्ट असतील? ११०.५. आणि करंट? ०.५०२५ अँपिअर.

बाकीचं काम गुणाकाराचं. व्होल्टेज २००० ने गुणायचं आणि करंट ८०० ने, एवढं मीटरमध्ये आधीच भरून ठेवलेलं असतं. २२० केव्ही ही दोन फेजमधली मोजणी. एका फेजपासून जमिनीपर्यंत धरलं तर १२७ केव्ही होतात. एवढ्या व्होल्टेजला उघड्या हवेत जमिनीशी जोडलेल्या लोखंडापासून दोन मीटरहून जास्त अंतर सोडावं लागतं. ते अंतर तळहाताएवढ्या डब्यात कुठून आणणार? म्हणून बाहेरच्या उघड्या आवारात, म्हणजे यार्डातच, खऱ्या करंटची आणि खऱ्या व्होल्टेजची एक छोटी नक्कल तयार करतात आणि केबलमधून ती नक्कल आत आणतात. उपकेंद्रातला एकही मीटर, एकही रिले (दोष ओळखून ब्रेकरला लाइन तोडायला सांगणारं यंत्र) खरा करंट बघत नाही. बिल नकलेवर निघतं आणि ब्रेकरही नकलेवरच ट्रिप होतो. त्यामुळे व्होल्टेज किती, करंट किती, हे विचारण्याआधी ही नक्कल कितपत इमानदार आहे आणि ती कुठे दगा देते, ते बघावं लागतं.

सीटी: उघडा ठेवायचा नाही

करंटची नक्कल करणारा तो सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. यार्डात ब्रेकरच्या शेजारी प्रत्येक फेजला एक असे तीन उंच पोर्सिलीनचे खांब उभे असतात. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या डोक्यावर धातूचा डबा असतो आणि लाइन त्या डब्यात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. शिरते त्या टोकाला पी१ लिहिलेलं असतं, बाहेर पडते त्या टोकाला पी२. (काही सीटींत हा सगळा प्रकार खाली टाकीत असतो. आतलं तत्त्व तेच.)

सगळ्यात साध्या रचनेत डब्याच्या आत एक लोखंडी कडं, म्हणजे कोर, असतं. त्याच्या मधून लाइनची दांडी सरळ आरपार जाते. तोच प्राथमिक बाजूचा एकमेव वेढा. कड्यावर बारीक तारेचे ८०० वेढे असतात; ती दुय्यम बाजू. ८०० वेढ्यांतला करंट लाइनच्या करंटच्या आठशेवा हिस्सा होतो, म्हणून पाटीवर ८००/१ लिहितात. लाइनमनच्या हातातला टाँग टेस्टर हा असाच एक सीटी. फरक एवढाच की त्याचं कडं उघडून तारेभोवती अडकवता येतं.

इथे एक गोष्ट नीट पकडायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लाइनमधून किती करंट वाहायचा यावर सीटीची काडीचीही हुकूमत नसते. ते पलीकडचं लोड ठरवतं. लाइनमधून ४०२ अँपिअर जात असतील तर सीटी दुय्यम बाजूला अर्धा अँपिअर ढकलणारच. मीटरच्या तारांचा रोध नगण्य असला तर काही व्होल्टमध्ये भागतं. रोध वाढला तर तेवढाच करंट ढकलायला सीटी जास्त व्होल्टेज तयार करतो. आणि कुणी तारच सोडून ठेवली तर?

तर दुय्यम बाजूचा करंट शून्य होतो. एरवी हा करंट लाइनच्या चुंबकत्वाला उलटं चुंबकत्व देऊन तोलून धरत असतो. तो गेला की लाइनचे ४०२ अँपिअर सगळेच्या सगळे कोर चुंबकित करण्यात खर्ची पडतात. कोर पुरता भरतो, दर अर्ध्या सायकलला झपाट्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलटतो आणि त्या उलटण्याच्या क्षणी सुटलेल्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचे टोकदार झटके निघतात. माणसाला त्यापासून धोका आहे आणि सीटीचं इन्सुलेशनही जळतं. बाहेरून कळतं ते आवाजावरून: सीटी किंवा पॅनेल घोंगावायला लागतं, मग वास येतो. सीटीच्या सर्किटमध्ये फ्यूज कधीच का घालत नाहीत याचं उत्तरही हेच. फ्यूज उडाला की सर्किट उघडं.

म्हणून चालू लाइनवर मीटर किंवा रिले काढायचा असेल तर त्याचा क्रम ठरलेला असतो. पॅनेलच्या मागे टेस्ट टर्मिनल ब्लॉक असतो, त्यावर सरकणाऱ्या पितळी लिंक असतात. आधी सीटीकडून येणाऱ्या आर, वाय, बी या तीन फेजच्या आणि न्यूट्रलची अशा चारही तारा लिंकने एकमेकींना शॉर्ट करायच्या. मग मिलिअँपिअर वाचणारा टाँग टेस्टर लावून करंट खरोखर शॉर्टमधून जातोय, मीटरकडे जात नाहीये, हे डोळ्यांनी बघायचं. त्यानंतरच मीटरकडच्या लिंक उघडायच्या. परत जोडताना क्रम नेमका उलटा: आधी मीटर जोडायचा, मग शॉर्ट काढायचा. मधली टाँग टेस्टरची पायरी गाळण्याचा मोह घाईत फार होतो. लिंक सरकली म्हणजे आतला स्क्रू आवळला गेलाच, असं नसतं. ज्या टेस्टिंगवाल्याला ही पायरी वेळखाऊ वाटते, त्याच्यासोबत पॅनेलमागे उभं राहू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

सीटीची दुय्यम बाजू कुठे ५ अँपिअरची तर कुठे १ अँपिअरची असते. मोठ्या यार्डात १ का पसंत करतात याचा हिशेब मजेशीर आहे. सीटीपासून कंट्रोल रूम १५० मीटर लांब आहे असं धरा. जाऊन-येऊन ३०० मीटर तार. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.२ ओहम. करंट १ अँपिअर असेल तर तारेत २.२ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) खर्च होतात. ५ अँपिअर असेल तर वर्ग करायचा: ५५ व्हीए. मीटर स्वतः एखादा व्हीएसुद्धा खात नाही, आणि त्याला करंट पोचवायला तारच ५५ खाते. हा सगळा भार सीटीने उचलायचा. म्हणून ५ अँपिअरचे सीटी जिथे अंतर कमी तिथे शोभतात, उदाहरणार्थ ११ केव्हीच्या इनडोअर पॅनेलमध्ये.

पीटी: शॉर्ट होऊ द्यायचा नाही

व्होल्टेजसाठी पीटी, म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर. जोडणीत सीटीच्या अगदी विरुद्ध: तो लाइनच्या वाटेत नसतो, फेज आणि जमीन यांच्यामध्ये समांतर जोडलेला असतो. प्राथमिक बाजूला हजारो वेढे, दुय्यम बाजूला थोडे. बाहेर येतात ते दोन फेजमध्ये ११० व्होल्ट, फेज ते न्यूट्रल ६३.५. ११ केव्ही असो, ३३ असो नाहीतर २२०, पॅनेलकडे येताना सगळे ११०. त्यामुळे मीटर एकाच प्रकारचे बनवता येतात. पीटीचं टोक उघडं राहिलं तर काही बिघडत नाही. शॉर्ट झालं तर मात्र जळतो. म्हणून इथे फ्यूज किंवा एमसीबी हवाच.

आणि फ्यूज आला की फ्यूज उडणंही आलं. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात यंत्रचालक दर तासाला लॉगशीट भरतो. व्होल्टमीटरचा सिलेक्टर स्विच फिरवून आर-वाय, वाय-बी, बी-आर अशा तीन जोड्या वाचायच्या. समजा ११ केव्ही बसवर (सगळे फीडर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनी, जिथून निघतात त्या सामाईक पट्टीवर) वाचन आलं: ६.४, ११, ६.४. पहिली शंका येते की आर फेज गेला. पण सगळ्या फीडरचे अँपिअर तिन्ही फेजला जागच्या जागी आहेत आणि एकही फोन वाजलेला नाही. मग हा पीटीच्या आर फेजचा फ्यूज. फ्यूज उडाल्यावर आर टर्मिनल बहुतेकदा मीटरच्या आतल्या जोडणीतून न्यूट्रलपाशी येऊन बसतं. मग वाय आणि बी पासून ते ६३.५ व्होल्टवर दिसतं आणि मीटर त्याला शंभराने गुणून ६.३५ केव्ही म्हणतो. ज्या दोन जोड्यांत वाचन बिघडलं त्या दोन्हींत असलेलं अक्षर म्हणजे गेलेला फेज.

या फ्यूजचा फटका बिलालाही बसतो. तीन घटकांचा मीटर असेल तर त्या फेजची वीज मोजलीच जात नाही; लोड समतोल असेल तर जवळपास एक तृतीयांश हिशेबाबाहेर. आताचे मीटर अशा वेळी 'व्होल्टेज नाही' अशी नोंद तारीख-वेळेसकट साठवून ठेवतात, त्यावरून नंतर हिशेब दुरुस्त करता येतो.

लाइनच्या संरक्षणासाठी लावलेल्या डिस्टन्स रिलेची गोष्ट आणखी अवघड. हा रिले व्होल्टेजला करंटने भागतो; उत्तर जितकं लहान तितका दोष जवळ. पीटीचा एमसीबी पडला की व्होल्टेज शून्य, करंट तसाच, भागाकार शून्य. रिलेच्या लेखी दोष अगदी दारात. खरं तर लाइन ठणठणीत आहे. म्हणून त्याला शिकवलेलं असतं की व्होल्टेज एकदम गेलं पण करंटमध्ये काहीच हललं नाही तर दोष लाइनमध्ये नसून पीटीत आहे. ट्रिप करू नकोस, फक्त अलार्म दे.

१३२, २२० केव्ही आणि त्यावरच्या जगात साधा पीटी फार मोठा आणि महाग पडतो, म्हणून लाइनवर सीव्हीटी, म्हणजे कपॅसिटर व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, दिसतात. एकावर एक रचलेले कपॅसिटर १२७ केव्हीची विभागणी करून तळाशी काही हजार व्होल्ट उरवतात आणि तिथला लहान ट्रान्सफॉर्मर त्याचे ६३.५ करतो. या कपॅसिटरच्या थप्पीतला एखादा घटक फुटला तर सीव्हीटी बंद पडत नाही. तो खोटं बोलायला लागतो. वरच्या भागातला घटक शॉर्ट झाला तर दुय्यम व्होल्टेज वाढतं, तळाच्या भागातला झाला तर घटतं. तीन फेजपैकी एकाचंच वाचन हळूहळू इतर दोघांपासून सरकत असेल तर ग्रिडला दोष देण्याआधी त्या सीव्हीटीकडे बघावं. या कपॅसिटरचा एक जोडधंदाही होता: उच्च वारंवारतेच्या लहरी त्यातून सहज जातात, त्यामुळे त्याच लाइनवरून एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्रात फोनवर बोलणं आणि रिलेचे संदेश पाठवणं चालायचं. आता टॉवरच्या वरच्या तारेतल्या ऑप्टिकल फायबरने ते काम बरंचसं काढून घेतलंय.

एकच करंट, दोन गिऱ्हाइकं

एका २२० केव्हीच्या सीटीत सहसा एक नाही, चार-पाच कोर असतात. एका दांडीभोवती चार-पाच कडी. कारण मीटरला आणि रिलेला एकाच करंटमधून वेगवेगळं काही हवं असतं, आणि दोघांच्या मागण्या एकमेकींना छेदतात. सोनाराच्या काट्यावर ज्वारीचं पोतं ठेवत नाहीत, आणि ट्रकच्या वजनकाट्यावर अंगठी तोलत नाहीत, तसंच इथे.

मीटरला रोजच्या लोडची बारीक मोजणी हवी. आपल्या त्या लाइनवरून पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट किती बरोबरीने चालतात याचं माप) १ धरून साधारण १५० मेगावॉट जातायत. त्यात ०.२ टक्के चूक म्हणजे ३०० किलोवॉट. दिवसाला ७,२०० युनिट. वर्षाला सव्वीस लाखांच्या वर. दोन कंपन्यांच्या हद्दीवरच्या मीटरसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनी अचूकतेचा ०.२एस वर्ग ठरवला तो उगाच नाही. त्यातला 'एस' म्हणजे सीटीच्या क्षमतेच्या १ टक्का करंटपासून मोजणी बांधून दिलेली; रात्री लोड उतरलं तरी सुटका नाही.

चूक येते कुठून? कोर चुंबकित ठेवायला थोडा करंट खर्च होतो, तेवढा नकलेतून गळतो. गळतो तो फक्त मापातच नाही, नक्कल किंचित पुढे-मागेही सरकते. ०.२ वर्गाच्या सीटीला पूर्ण लोडवर ही सरक १० मिनिटांपर्यंत माफ आहे. ही घड्याळाची मिनिटं नव्हेत, कोनाची आहेत. एक अंशाचा सहावा भाग. पॉवर फॅक्टर १ च्या जवळ असला तर याने काहीच फरक पडत नाही. पण तो ०.५ वर घसरला तर या चिमूटभर कोनामुळेच पॉवरच्या मोजणीत अर्धा टक्का चूक शिरते. पाटीवर ०.२ बघून निर्धास्त होणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

शिवाय मीटरच्या कोरकडून एक उलटी अपेक्षा असते: दोषाच्या वेळी त्याने लवकर हार मानावी. करंट पाचपट झाला की कोर भरून जावा आणि मीटरला त्याहून जास्त काही पोचूच नये, नाहीतर मीटर जळेल.

रिलेला रोजच्या लोडशी देणंघेणं नसतं. त्याला जाग येते ती लाइनवर १६,००० अँपिअर उसळतात तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच सीटीने कच खाता कामा नये. पाटीवरच्या '५पी२०' चा अर्थ: ठरलेल्या भारावर वीसपट करंटपर्यंत चूक ५ टक्क्यांच्या आत. ८०० ची वीसपट म्हणजे बरोबर १६,०००. पाच टक्के ऐकून मीटरवाला डोक्याला हात लावेल. रिलेला तेवढं चालतं. बसबारच्या संरक्षणाला तर याहूनही तगडा, पीएस वर्गाचा कोर लागतो. तिथे रिले सगळ्या लाइनचे करंट बेरीज-वजाबाकी करून बघतो: जेवढे आत आले तेवढे बाहेर गेले का? बाहेर दूर कुठे दोष झाला आणि बसला जोडलेल्या, समजा, सहा लाइनींपैकी एकीचा सीटी आधी भरला तर हिशेब जुळत नाही, रिलेला वाटतं करंट बसमध्येच कुठे तरी गळला, आणि काही चूक नसताना अख्खी बस बंद.

सीटी बदलल्यावर पोलॅरिटी, म्हणजे टोकांची दिशा, उलटी जोडली गेली तरी हेच होतं. वजा व्हायचा करंट अधिक होतो. गंमत म्हणजे चार्ज करताना सगळं शांत असतं, कारण करंटच नसतो. लोड घ्यायला सुरुवात केली की ट्रिप. त्यामुळे नवा सीटी बसवल्यावर हलकं लोड देऊन करंटची दिशा तपासल्याशिवाय तो रिले सेवेत घेत नाहीत.

दोन छोट्या गोष्टी, पण त्यांवरून मोठे घोटाळे होतात. एक अर्थिंग. सीटी-पीटीची दुय्यम बाजू एका जागी जमिनीला जोडलीच पाहिजे, नाहीतर वरच्या उच्च व्होल्टेजच्या सान्निध्याने ती स्वतःच धोकादायक व्होल्टेजला चढते. पण एकाच जागी. दोन जागी जोडली तर मोठ्या दोषाच्या वेळी यार्डाच्या दोन टोकांच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि भलताच करंट न्यूट्रलमधून रिलेत शिरतो.

दुसरी गोष्ट गुणकाची. ११ केव्हीवर वीज घेणाऱ्या कारखान्याचा सीटी १००/५ आणि पीटी ११०००/११० असेल तर २० गुणिले १००, गुणक २०००. मीटरवर एक युनिट फिरलं की बिलात दोन हजार. लोड वाढलं म्हणून सीटी २००/५ चा बसवला आणि संगणकात गुणक २००० च राहिला, तर त्या दिवसापासून बिल निम्मं येतं. यंत्रात काहीही बिघाड नाही, सगळं अचूक चाललंय, फक्त कुणीतरी एक रकाना भरायचा राहिलाय.

हे सगळं एसीपुरतं. चंद्रपूर ते पडघे या ±५०० केव्हीच्या डीसी लाइनवर, जी १५०० मेगावॉटची आहे आणि सुमारे ७५० किलोमीटर जाते, तिथे साधा सीटी आणि साधा पीटी निरुपयोगी. डीसीत चुंबकत्व बदलत नाही आणि बदल नसेल तर ट्रान्सफॉर्मर ढिम्म. अशा उच्च व्होल्टेजच्या डीसी लाइनवर व्होल्टेजसाठी रोधांची लांबलचक साखळी वापरतात. करंटसाठी एक मार्ग असा की अगदी लहान रोधावर पडणारं व्होल्टेज तिथेच वर मोजायचं आणि आकडा प्रकाशाच्या रूपात फायबरमधून खाली आणायचा.

तोच मार्ग आता एसी उपकेंद्रांतही येतोय. मायकल फॅरडेने १८४५ मध्ये दाखवलं होतं की चुंबकत्वामुळे काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण वळतं. तारेभोवती फायबरचे वेढे घालून ते वळण मोजलं की करंट कळतो. लोखंडी कोर नाही, तेल नाही, उघडं राहण्याची भीती नाही. नक्कल आता अँपिअरची नसून आकड्यांची असते: यार्डातला मर्जिंग युनिट सेकंदाला ४,००० नमुने नेटवर्कवर टाकतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या दर सायकलला ८०.

मग चूक शिरते घड्याळातून. व्होल्टेजचा नमुना एका यंत्राने घेतला, करंटचा दुसऱ्याने, आणि दोघांच्या घड्याळांत एका मायक्रोसेकंदाचा फरक असला, तर ५० हर्ट्झवर तो साधारण एक मिनिट कोन होतो. दहा मायक्रोसेकंदांचा फरक पडला की ०.२ वर्गाला माफ असलेली सगळी दहा मिनिटं त्यातच संपली. म्हणून अशा उपकेंद्रात नव्याने दाखल झालेल्या टेस्टिंगवाल्याच्या यादीत टाँग टेस्टरच्या जोडीला आणखी एक काम आलंय: ही घड्याळं जिच्यावरून जुळवतात त्या छतावरच्या जीपीएस अँटेनाला नीट सिग्नल मिळतोय का, ते बघणं.